इंडिकेटर लाल की केशरी?

प्रश्न : कंपनीने मुलाची स्टुटगार्टहून डेट्रॉइटला बदली केली. जर्मनीत घेतलेली गाडी तिकडे चालणार नाही म्हणतो. युरोप-अमेरिका एवढे मित्र, दोघे नाटोत, मग गाडीने काय घोडं मारलं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलगा बरोबर सांगतोय. गाडी २५ वर्षं जुनी असती तर अमेरिकेच्या नियमांतून सुटली असती!

मी चाकणला मागच्या दिव्यांच्या कारखान्यात तपासणीला होतो. एकाच मॉडेलचे दोन दिवे टेबलावर यायचे. युरोपचा असेल तर इंडिकेटर केशरीच, आणि लेन्सवर वर्तुळात ‘ई’ व देशाचा आकडा : जर्मनीचा १, नेदरलँड्सचा ४. अमेरिकेला मागचा इंडिकेटर लालही चालतो. मोल्ड वेगळा, चाचणी वेगळी, कागद वेगळे. एकदा लाल लेन्सचा लॉट युरोपला, रॉटरडॅमला जायच्या खोक्यांत भरला गेला. कंटेनर दारात उभा आणि आम्ही रात्रभर खोकी फोडतोय.

पण खरी मेख रंगात नाही. युरोपात आधी सरकारी मंजुरी, मग विक्री. अमेरिकेत कंपनीच म्हणते, ‘माझी गाडी नियमात बसते’. चूक निघाली तर गाड्या परत बोलवायच्या. दुसऱ्याचा शिक्का मानायचा म्हणजे त्याची ही पद्धतच मानायची.

२०१३ मध्ये युरोप-अमेरिकेत मोठ्या व्यापार कराराची बोलणी सुरू झाली, त्यात गाड्यांचे नियमही होते. युरोपात मात्र ओरड झाली ती क्लोरीनने धुतलेल्या अमेरिकी कोंबडीची. बोलणी २०१६ नंतर बारगळली, दिवेही त्यात गेले. नाटोचं म्हणाल, तर २०१८ मध्ये अमेरिकेने युरोपच्या पोलादावर २५ टक्के कर लावला तो राष्ट्रीय सुरक्षेचंच कारण देऊन.

२०२१ मध्ये दोघांनी व्यापार आणि तंत्रज्ञान परिषद काढली. पहिली बैठक पिट्सबर्गला. तिथलं एक काम मला फार पटलं : विजेवरच्या अवजड ट्रकांचा चार्जिंग प्लग दोन्हीकडे एकच असावा. मोल्ड पडायच्या आधी बोललात तर फक्त चहाचा खर्च येतो. पडल्यावर बोलायचं म्हणजे कोणाचा तरी मोल्ड भंगारात.

ऑगस्ट २०२५ च्या संयुक्त निवेदनात गाड्यांची मानकं परस्पर मान्य करण्याचा इरादा दोघांनी लिहिलाय खरा, पण त्याच कागदावर युरोपच्या बहुतेक मालावर १५ टक्के करही आहे. मुलाला म्हणावं, गाडी स्टुटगार्टलाच विक.