पास नको, बिल्ला माग

गिरगाव, मुंबई

चि. पोरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी लांबलचक मेल दोनदा वाचली. जर्मनीत कार्निव्हलचा हंगाम उघडतो म्हणून अकरा नोव्हेंबरला कोलोनला गेलीस, त्सुल्पिशर रस्त्यावरच्या गर्दीत चेंगरलीस, कुणीतरी नव्या जॅकेटवर बिअर सांडली आणि रात्री बॉनला खोलीवर येऊन रडलीस. त्याआधी भारतीय विद्यार्थ्यांची दिवाळी. तिकीट काढून गेलीस, पनीर खाल्लंस, नाचलीस, तिथेही परकंच वाटलं. आणि आता विचारतेस, फेब्रुवारीतल्या कार्निव्हलला थांबू की चार दिवस प्रागला जाऊन येऊ?

प्रागला मागाहून जा. प्राग कुठे पळून जात नाही.

मी अडकलो ते शेवटच्या एका ओळीवर. खाली पोरांचे कंदील चालले होते म्हणून तू तशीच स्लीपर घालून उतरलीस. एका बाईनं हातात विझलेला कंदील दिला, पोराच्या बुटाची नाडी बांधेपर्यंत धर म्हणाली, आणि तू तो शाळेच्या पटांगणापर्यंत धरूनच गेलीस. कोलोनला अख्खं पान आणि याला एक ओळ! अगं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या ओळीत पडलंय आणि तू मला कसलं प्राग विचारतेस?

संत मार्टिनच्या त्या मिरवणुका अकरा तारखेच्या मागेपुढे निघतात. घोड्यावर रोमन शिपायाच्या वेशातला मार्टिन, थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला तो आपला झगा अर्धा कापून देतो. पोरांनी स्वतः चिकटवलेले कागदी कंदील, शेवटी शेकोटी, आणि हातात वेकमान, म्हणजे मनुकांचे डोळे आणि तोंडात मातीची पांढरी चिलीम असलेला पावाचा माणूस. पण शेकोटीपाशी नीट पाहिलंस का? तिथे बहुधा स्वयंसेवी अग्निशामक दलाची माणसं उभी असतात. रस्ता अडवायला, पोरं मोजायला कुणाचे तरी आईबाप असतात. त्यांच्यात तू पाच-दहा मिनिटं होतीस. म्हणून कंदिलांच्या त्या रात्री रडू आलं नाही.

पाहुण्याचा पास नको, कार्यकर्त्याचा बिल्ला माग. हे मी तुला इथेच शिकवलंय. नववीत असताना चपलांच्या रांगेवर बसवलं तेव्हा तोंड फुगवून बसली होतीस. विसर्जनापर्यंत तूच पाहुण्यांना दटावायला लागलीस, "ओ काका, जोडी एकत्र ठेवा!" त्या वर्षीचा गणपती तुला आजही आठवतो, मागच्या वर्षी कुणाच्या ओळखीनं पासावर जाऊन पाहिलेला आठवत नाही. पासवाल्यांना विचार, आरतीला तबक कोण धरतं? सांगता येणार नाही. केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 साली सार्वजनिक गणपती बसला तो काय पास छापून?

तू म्हणशील, तिथे मला कोण बिल्ला देणार? माझं जर्मन तोडकंमोडकं. काहीतरीच! तुझ्या गावात मंडळांना तोटा नाही. गाण्याचं, नेमबाजीचं, बागेचं, कार्निव्हलचं, सगळ्याचं फेराइन, म्हणजे नोंदणीकृत मंडळ. अध्यक्ष, खजिनदार, वर्षाची सभा, वर्गणीवरून कुरबुर. नोंदणीला सात माणसं लागतात. (आपला 1860 चा संस्था नोंदणी कायदाही सातच म्हणतो. मंडळाचे कागद मीच केले, म्हणून पाठ आहे.) आणि मंडळ जगात कुठलंही असो, त्याला माणसं कमीच पडतात. खुर्च्या मांडायला, कोट सांभाळायला, रिकाम्या बाटल्या गोळा करायला. तिथे व्याकरण कुणी तपासत नाही.

जानेवारीपासून कार्निव्हलच्या बैठका सुरू होतात, मंचावर अकरा जणांचं मंडळ टोप्या घालून बसतं. त्याचं तिकीट काढू नकोस. कोट टांगायच्या खोलीत उभी राहायला माग. रोझेनमोंटागच्या, म्हणजे कार्निव्हलच्या सोमवारच्या मोठ्या मिरवणुकीत प्रत्येक गाडीच्या चाकापाशी माणसं चालतात, त्यांना वागेनएंगेल म्हणतात. गाडीवरून "कामेले!" म्हणत गोळ्या-चॉकलेटं उधळतात, पोरं ती वेचायला थेट चाकाखाली धावतात, त्यांना हे मागे सारतात. आपण लालबागपासून चौपाटीपर्यंत दोर धरतो तेच काम. तुझे हात त्यात तयार झालेत. मोठ्या मिरवणुकीत आयत्या वेळी नाही घेतलं, तर मोहल्ल्यांच्या आणि शाळांच्या छोट्या मिरवणुका निघतात, तिथे विचार. पण विचार. दारात उभी राहून कुणी बोलावेल म्हणून वाट बघू नकोस.

आणि तू बॉनला असून कोलोनचा ध्यास कशाला? ऱ्हाइनवरचा केनेडी पूल चालत ओलांडलास की बॉयेल, बॉनचाच पलीकडचा भाग. तिथल्या धोबिणींनी 1824 साली आपली बायकांची समिती काढली. वर्षभर दुसऱ्यांचे कपडे धुवायचे आणि सणाला नवरे कोलोनला जाऊन उधळणार, याला वैतागून, असं सांगतात. राखेच्या बुधवारआधीच्या, म्हणजे ख्रिस्ती उपवास सुरू होण्याआधीच्या गुरुवारी बायका आजही बॉयेलच्या नगरपालिकेवर चाल करून जातात, पुढे धोबिणींची राजकन्या. त्या दिवशी पुरुषांचे टाय कापतात, म्हणून प्राध्यापकांना जुना टाय लावून यायला सांग. तुझी आजी चाळीच्या नळावर ज्या आवाजात भांडायची तो आवाज तिथे कामाला येईल.

नऊवारीचं विचारलंस. नको. त्या गर्दीत कुणी समुद्री लुटारू असतो, कुणी मधमाशी, कुणी चिंध्यांचा विदूषक. आजीचं लुगडं त्या रांगेत बसवायचं मला पटत नाही. तुला पटत असेल तर नेस, पण मग मला फोटो पाठवू नकोस. पीत नाहीस त्याची काळजी सोड. काम हातात असलं की ग्लास धरायला हात मोकळा राहत नाही. परीक्षेचं वेळापत्रक तूच बघ, ते मी इथे बसून सांगणं बरं नाही.

मी एवढा हट्ट का धरतोय, तेही ऐक. ऐंशीच्या दशकात कंपनीनं मला ड्युसेलडॉर्फजवळ प्रशिक्षणाला धाडलं होतं. आमच्या इमारतीचा हाउसमाइस्टर, म्हणजे देखभाल करणारा माणूस, गल्लीच्या मिरवणुकीत हातगाडी ओढायचा. "फेब्रुवारीत दांडी तू धर," म्हणाला. जानेवारीअखेर माझी मुदत संपत होती. बिनपगारी रजेचा अर्ज दिला, तर साहेब म्हणाले, "कशाला, तमाशा बघायला?" आणि अर्ज परत. बघायला नव्हतं जायचं, हे त्यांना कळलंच नाही. ती दांडी मी धरली नाही ती नाहीच. अजून टोचतं.

तुझी काकू म्हणते, भाद्रपदात हा माणूस घरचा नसतो. रजा टाकून टाकून बढती हुकली, हेही ती तुझ्या आईला सांगत असते. हुकली असेल! ज्यांना मिळाली ते आज सोसायटीच्या गच्चीवर एकटे फेऱ्या मारतात, आणि मला कोपऱ्यावरचा फुलवालासुद्धा विसर्जनाच्या गाडीची वेळ विचारतो. यात माझं काय चुकलं? असो. पत्र तुझं होतं आणि मी माझंच रडगाणं लावलं. पण पोरी, बिल्ला माग. भारतीय विद्यार्थ्यांच्या होळीलाही तिकीट काढू नकोस, पुरणपोळ्या लाटायला जा. तिथेही तू पाहुणी म्हणून गेलीस, दुसरं काय झालं?

सोमवारी हाउसमाइस्टरला गाठ. या भागाच्या मिरवणुकीचं कोण बघतं, एवढंच विचार. नाव मिळालं की फोन नको, स्वतः जा. आणि हो, कार्निव्हलचा जयघोष म्हणून बॉनला "आलाफ" ओरडायचं. ड्युसेलडॉर्फला गेलीस तर "हेलाऊ". उलट झालं तर थट्टा होते. जाड मोजे दोन जोड घाल. चालताना काही वाटत नाही, गाडी थांबली की पाय गारठतात.

तुझा काका