आई-बाबांना घेऊन नोव्हेंबरात व्हेनिसला तीन रात्री राहायचंय. आईचे गुडघे दुखतात. कोणता भाग निवडावा? मेस्त्रे स्वस्त दिसतंय, चालेल का?

मेस्त्रे नको. तिथून रेल्वेने दहा-बारा मिनिटांत व्हेनिस येतं, खोली स्वस्त मिळते, हे खरं. पण व्हेनिसची मजा सकाळी लवकर आणि रात्री जेवणं झाल्यावर, दिवसभराची गर्दी ओसरली की. नेमके तेव्हा तुम्ही मेस्त्रेत असाल. शिवाय दुपारी आईंना घटकाभर आडवं व्हायला खोली हाताशी हवी.

गुडघ्यांचं म्हणताय तर मी एकच गोष्ट बघेन: बोटीच्या थांब्यापासून दारापर्यंत पूल किती? शहरात चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना चढायला-उतरायला पायऱ्या. रिक्षा-टॅक्सीचा प्रश्नच नाही. नकाशा ‘चालत सहा मिनिटं’ म्हणतो, वाटेत बॅगा उचलून तीन पूल चढायचेत हे सांगत नाही.

म्हणून कान्नारेजो. सांता लुचिया हे व्हेनिसचं रेल्वे स्टेशन याच भागात आहे. बाहेर पडून डावीकडे लिस्ता दी स्पान्याने निघालात की गूल्ये पुलापर्यंत मध्ये एकही पूल लागत नाही. रस्ता तसा भिकार, मुखवटे नि मॅग्नेटांच्या दुकानांचा. पण गूल्येपलीकडे लगेच १५१६ सालची ज्यूंची वस्ती, घेट्टो, आणि पुढे ओर्मेसीनी, मिझेरिकोर्दियाचे कालवाकाठ. तिथे संध्याकाळी बसायला फार छान. झोपायला नाही, खिडकीखाली गोंगाट असतो.

मला स्वतःला कास्तेल्लोचं पूर्वेचं टोक जास्त आवडतं. वीया गारिबाल्दी हा कालवा बुजवून केलेला रुंद, सपाट रस्ता, स्थानिकांच्या रोजच्या राबत्यातला. जार्दीनी थांब्यावरून झाडांखालून सरळ चालत जाता येतं. फक्त स्टेशनवरून बोटीने पाऊण तास धरा.

सान मार्को महाग, आणि नोव्हेंबर भरतीचा महिना. २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी मोझे या पूररोधक यंत्रणेचे दरवाजे उभे करतात, पण साधारण ११० सेंटिमीटरच्या भरतीचा अंदाज असेल तेव्हा. सान मार्कोच्या सखल चौकात पाणी त्याआधीच शिरतं. दोरसोदूरो चांगला, फक्त सांता मार्गेरीता चौकाला लागून नको. विद्यार्थ्यांचा अड्डा आहे तो.

बुकिंगआधी घरमालकाला लिफ्ट आहे का, हे विचाराच. जुन्या इमारतींत बहुधा नसते. पत्त्यावर विसंबू नका: घरांचे क्रमांक गल्लीनुसार नसून अख्ख्या भागाला सलग दिलेले असतात, त्यामुळे ‘कान्नारेजो २३४५’वरून काही कळत नाही. जवळचा थांबा आणि वाटेतले पूल लिहून मागा.

बोटीचं सुटं तिकीट साडेनऊ युरोचं, तेही ७५ मिनिटांपुरतं. तुम्ही तिघांसाठी ७२ तासांचे पास काढा, म्हणजे एका थांब्यासाठीसुद्धा आईंना बोटीत बसवताना हात आखडणार नाही.