केस सील झाली, पण कोणापासून?

न्यूयॉर्कचा ‘क्लीन स्लेट’ कायदा (जुन्या शिक्षांची नोंद आपोआप सील करणारा, म्हणजे लोकांच्या नजरेआड करणारा) १६ नोव्हेंबर २०२४ला लागू झाला, तेव्हापासून माझ्याकडे येणारी निम्मी पत्रं एकाच गैरसमजाची आहेत: सील झाली, की ती केस कुणालाच दिसत नाही. थोडी उत्तरं एकदाच देऊन टाकते.

न्यूयॉर्कमध्ये २०१७ साली मिसडिमीनरमध्ये (कमी गंभीर गुन्ह्यात) दंड झाला होता. सील करायचा अर्ज कुठे मिळेल?

कुठेच नाही, कारण या कायद्यात अर्जच नाही. मिसडिमीनरला शिक्षेपासून (तुरुंगवास झाला असेल तर सुटकेपासून) ३ वर्षं आणि फेलनीला (गंभीर गुन्ह्याला) ८ वर्षं गेली, दुसरा खटला चालू नसला आणि प्रोबेशन (तुरुंगाबाहेरची देखरेख) संपलं असलं, की कोर्टच सील करतं. लैंगिक गुन्हे आणि बहुतेक ‘अ’ वर्गाच्या फेलनी यातून वगळल्या आहेत. जुनी प्रकरणं उरकायला कोर्टांना १६ नोव्हेंबर २०२७पर्यंत मुदत आहे, तेव्हा धीर धरा.

एका एजन्सीने ‘क्लीन स्लेट नोंदणी’साठी ६०० डॉलर मागितले. द्यावेत का?

अर्जच नाही, तर नोंदणी कसली? न्यू जर्सीत एक्सपंजमेंटचा (नोंद रेकॉर्डमधून काढून टाकण्याचा) अर्ज करावा लागतो, पण तिथेही कोर्टाची फी नाही. पैसे खर्चच करायचे असतील तर वकिलाच्या सल्ल्यावर करा. बॅकग्राउंड चेक करणाऱ्या कंपनीच्या अहवालात सील झालेली केस दिसली, तर तिच्याकडे लेखी तक्रार करा. फेडरल कायद्यानुसार तिला साधारण ३० दिवसांत चौकशी करावीच लागते.

न्यू जर्सीतलं डीडब्ल्यूआय (दारू पिऊन गाडी चालवणं) एक्सपंज होतं का? न्यूयॉर्कच्या मित्राचं होणार आहे म्हणे.

नाही. न्यू जर्सीत तो वाहतूक नियमांचा भंग आहे, गुन्हा नव्हे, म्हणून एक्सपंजमेंटच्या कायद्यात बसतच नाही. मित्राचं राज्य वेगळं, कायदा वेगळा.

विद्यार्थी असताना न्यू जर्सीत शॉपलिफ्टिंगची केस झाली. ‘कंडिशनल डिसमिसल’ (अटी पाळल्यावर केस रद्द) मिळालं, पुढे एक्सपंजही झाली. आता ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्वाचा अर्ज भरतोय. व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे म्हणतात, अटक-गुन्ह्याच्या प्रश्नाला ‘नाही’वर टिक कर.

ग्रुपवरच्या सगळ्यांना आधी फॉर्म वाचायला सांगा. नोंद सील किंवा एक्सपंज झाली असली तरी सांगा, असं एन-४०० या नागरिकत्वाच्या फॉर्ममध्येच लिहिलेलं असतं. सील करणं हा राज्याचा कायदा आणि इमिग्रेशन हा फेडरल. ट्रेंटन (न्यू जर्सीची राजधानी) किंवा ऑल्बनीने (न्यूयॉर्क राज्याची राजधानी) घातलेला पडदा वॉशिंग्टनला बांधत नाही. १९९६पासून फेडरल व्याख्या अशी आहे: तुम्ही गुन्हा कबूल केलात आणि त्यावर काही शिक्षा, दंड किंवा बंधन आलं, की ते ‘कन्व्हिक्शन’ (दोषसिद्धी), मग पुढे केस डिसमिस झाली तरी. कंडिशनल डिसमिसलसाठी आधी गुन्हा कबूल करावा लागतो किंवा कोर्टाला दोष आढळावा लागतो. ‘जज्ज तर डिसमिस म्हणाले’ हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते. शिवाय तुमच्या बोटांचे ठसे एफबीआयकडे जातात.

दुकानातल्या अशा एका किरकोळ केसने नागरिकत्व बहुतेक वेळा अडत नाही. खोट्या उत्तराने मात्र अडतं आणि मिळालेलं नागरिकत्व काढूनही घेता येतं. अर्ज पाठवायच्या आधी कागद घेऊन इमिग्रेशन वकिलाला भेटा. नुसता क्रिमिनल वकील पुरत नाही.

आणि कागद! मी हे सांगून थकले आहे. एक्सपंजमेंट होण्याआधीच कोर्टाकडून डिस्पोझिशनच्या (केसच्या अंतिम निकालाच्या) प्रमाणित प्रती काढून ठेवा, निदान तीन. नंतर क्लार्क ‘अशी नोंद नाही’ म्हणतो आणि इमिग्रेशन अधिकारी ‘नोंद आणा’ म्हणतो. मुलाखतीच्या आदल्या दिवशी मला फोन करून काहीही होत नाही.

मुलाला न्यूयॉर्कमध्ये शिक्षक व्हायचंय. सील झालेली केस शाळेला दिसेल?

दिसू शकते. मुलं, वृद्ध यांच्यासोबतच्या ज्या कामांना कायद्यानेच ठशांची तपासणी लागते, तिथे सील आड येत नाही. पोलीस आणि बंदुकीचा परवाना देणारेही पाहू शकतात. दिसली म्हणजे नोकरी गेलीच असं मात्र नाही. अर्जाआधी वकिलाला विचारा.

माझी केस पेनसिल्व्हेनियातली, आता राहतो क्वीन्समध्ये. न्यूयॉर्क सील करेल का?

नाही, न्यूयॉर्क फक्त आपल्याच राज्यातल्या शिक्षा सील करतं. पण आपोआप सील करण्याचा कायदा देशात सगळ्यात आधी, २०१८ साली, पेनसिल्व्हेनियानेच केला. तिथल्या वकिलाकडून तपासून घ्या. कदाचित ती केस केव्हाच सील झाली असेल.