राजीनामा त्याने ‘दिला’ नाही, गुरुजी

पत्र : माझा मुलगा ३१ वर्षांचा आहे. हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत साडेसहा वर्षं टेस्टिंगचं काम करायचा, विमा कंपन्यांच्या सॉफ्टवेअरचं. नऊ महिन्यांपूर्वी नोकरी गेली. पाच महिन्यांपासून कराडला घरीच आहे. सुरुवातीला दिवसाला तीस-चाळीस अर्ज करायचा, आता लॅपटॉप उघडत नाही. रात्री दोनपर्यंत मोबाइल, सकाळी अकराला उठणं. लग्नाची बोलणी थांबली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. रोज समजावतो, चांगली भाषणं ऐकवतो, पण त्याच्यात जिद्दच उरलेली नाही. शिवाय कंपनीच्या पत्रावर ‘राजीनामा’ असं लिहिलंय, मग काढून टाकलं असं तो का सांगतो? पुण्यातली एक कन्सल्टन्सी दीड लाखात नोकरी लावून देते म्हणते. भरावेत का? हे पत्र त्याला न सांगता लिहीत आहे.

आदरणीय गुरुजी, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यात पैसे आहेत. भरू नका. माणसं पुरवणाऱ्या खऱ्या कन्सल्टन्सीला तिची फी कंपनी देते, उमेदवार नाही. दीड लाख मागणारे बहुतेक वेळा अनुभवाचं खोटं पत्र बनवून देतात आणि मधले रिकामे महिने भरून काढतात. पुढे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे आधीच्या नोकऱ्यांची पडताळणी होतं, त्यात पीएफच्या यूएएनवरून (प्रत्येक नोकरदाराचा कायमचा पीएफ क्रमांक) कुठल्या कंपनीने कधीपासून कधीपर्यंत पीएफ भरला ते दिसतं. कागदावरची कंपनी तिथे सापडली नाही की मिळालेली नोकरी तर जातेच, वर मुलाचं नाव खराब होतं. टोकन म्हणून काही रक्कम ऑनलाइन दिली असेल आणि समोरचा फोन उचलत नसेल, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा.

आता राजीनाम्याचं. मी अकरा वर्षं एचआरमध्ये, म्हणजे माणसं घेणाऱ्या-काढणाऱ्या विभागात होते, त्यामुळे त्या खोलीत काय घडतं ते मला माहीत आहे. दुपारी अचानक मीटिंगचं बोलावणं येतं. आत मॅनेजर आणि एचआरची एक बाई, टेबलावर पाण्याची सीलबंद बाटली. लॅपटॉपवर राजीनाम्याच्या मेलचा मसुदा आधीच तयार असतो, फक्त नाव आणि तारीख भरायची. सांगितलं जातं, ‘तू स्वतः राजीनामा टाकलास तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल, दोन महिन्यांचा पगारही देऊ. नाही टाकलास तर टर्मिनेट करावं लागेल, आणि ते पुढच्या कंपनीला कळेल.’ विचार करायला वेळ? वीस मिनिटं. घरी फोन करू का विचारलं, तर नंतर कर म्हणतात. असा मसुदा मीसुद्धा लोकांपुढे सरकवलेला आहे, अभिमानाने सांगत नाही. तेव्हा पत्रावर राजीनामा आहे हे खरं आणि त्याला काढलं हेही खरं. तुमचा मुलगा खोटं बोलत नाहीये. बाकी सगळं राहू द्या, पण एवढं त्याला आजच्या आज सांगा. तो घरात या संशयाखाली वावरतोय, हे तुमच्या पत्रातल्या एका ओळीवरून मला दिसलं.

आणि यात त्याची काही चूक झाली असेल असं मनात येत असेल तर तेही काढून टाका. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जवळपास १२,००० लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं. ज्या कंपनीत चिकटलं म्हणजे जन्माचं कल्याण असं आपल्याकडे मुलींचे वडीलसुद्धा धरून चालायचे, तिथली ही गोष्ट. प्रोजेक्ट बंद होतो, क्लायंट खर्च कापतो आणि एक्सेलच्या शीटमधल्या काही ओळी जातात. त्यात हुशार माणसं असतात. मी पाहिलेली आहेत.

आता जिद्दीबद्दल. तुम्ही एक वर्ग घेताय अशी कल्पना करा. पोरांनी रोज पेपर सोडवायचा आणि तुम्ही तो कधीच तपासायचा नाही. बरोबर नाही, चूक नाही, लाल रेघसुद्धा नाही. किती दिवस लिहितील? नोकरीच्या पोर्टलवर दिवसाला चाळीस अर्ज म्हणजे नेमकं हेच. बटण दाबलं की अर्ज जातो, आणि उत्तर म्हणून ‘आपला अर्ज मिळाला’ असा यंत्राने पाठवलेला मेल. मुलाने लॅपटॉप बंद केला यात मला आळस दिसत नाही. नववा महिना आहे, त्याच्या जागी मी असते तर बहुधा चौथ्यातच बंद केला असता. त्याला भाषणं ऐकवणं मात्र आजपासून थांबवा. तीन कंपन्या विकून चौथी काढणाऱ्याचं भाषण बेकार माणसाला फार टोचतं.

तुम्ही नोकरीभर टाचण काढलंत, म्हणजे त्या दिवशी वर्गात काय शिकवायचं त्याची टिपणं. वर्गाचा निकाल काय लागेल ते पोरांवर, पालकांवर, त्या वर्षीच्या पावसावरही अवलंबून. पण टाचण तुमच्या हातातलं होतं. ते काढलं की त्या दिवसाचं काम झालं. मुलाला असं एक टाचण हवं आहे. त्यात ‘नोकरी मिळवणे’ हे लिहायचंच नाही, कारण ते त्याच्या हातात नाही. दोन माणसांशी बोललो, एका कंपनीची माहिती काढून बायोडाटा तिच्यापुरता बदलून पाठवला, एक टेस्ट स्क्रिप्ट (सॉफ्टवेअर तपासणारा छोटा प्रोग्राम) लिहिली, असं लिहायचं. सकाळी नऊ ते एक, खोलीबाहेर, जमलं तर गावातल्या वाचनालयात. एक वाजता लॅपटॉप बंद, आणि दुपार मोकळी, अपराधी न वाटता. चाळीसऐवजी दिवसाला दोन अर्ज पुरेत.

ही ‘दोन माणसं’ त्याला सगळ्यात जड जाणार आहेत. नोकरी गेल्यावर माणूस आधी जुने व्हॉट्सअॅप ग्रुप म्यूट करतो. पण नोकऱ्या बऱ्याचदा लांबच्या ओळखीतूनच लागतात. जवळचे मित्र आपल्यासारखेच, त्यांना ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतं. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या ओळखींच्या संकेतस्थळावरील दोन कोटींहून जास्त सभासदांचा, पाच वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही हेच निघालं : अगदी जिवलगांपेक्षा बेताच्या ओळखीची माणसं नोकरी मिळवून द्यायला जास्त उपयोगी पडतात. म्हणजे सहा वर्षांपूर्वी प्रोजेक्ट सोडून गेलेली टीम लीड, क्लायंटच्या बाजूने फोनवर बोलणारा माणूस, कॉलेजमधला दोन वर्षं पुढचा कोणी. त्यांच्याकडे नोकरी मागायची नाही. ‘सध्या तुमच्याकडे टेस्टिंगमध्ये काय वापरतात?’ एवढं विचारायचं. पुढचं बोलणं आपोआप होतं. झालं नाही तरी टाचणात एक ओळ भरते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि नऊ महिने झाल्यावर ती सर्वांत महत्त्वाची ठरते. गेल्या वर्षी एक मुलगा माझ्याकडे सरावाच्या मुलाखतीला आला होता. इस्त्री केलेला शर्ट, उत्तरं पाठ, सगळं व्यवस्थित चाललं होतं. मी विचारलं, आधीची कंपनी का सोडलीस? त्याने हातातल्या पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं आणि सुरू झाला. मॅनेजरने रेटिंग कसं मुद्दाम खाली आणलं, मॅनेजरच्या गाववाल्याला कसं ठेवलं, सुट्टीच्या दिवशी कसं बोलावलं. मी घड्याळ पाहिलं, सात मिनिटं झाली होती. सगळं खरं असणार. पण समोरच्याने त्याला घेतलं नसतं, आणि का घेतलं नाही हे त्याला कधीच समजलं नसतं.

याबाबत अमेरिकेतला एक प्रयोग मला फार भावतो. १९९४ साली तो प्रसिद्ध झाला. नोकरी गेलेल्या साठेक अनुभवी लोकांपैकी एका गटाला पाच दिवस, रोज वीस मिनिटं, नोकरी जाण्याबद्दल मनात येईल ते लिहायला सांगितलं. दुसऱ्या गटाने आपल्या वेळापत्रकाबद्दल वगैरे लिहिलं, तिसऱ्याने काहीच नाही. आठ महिन्यांनी पाहिलं तर पहिल्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांना पूर्णवेळ नोकरी लागली होती, बाकी दोन्ही गट बरेच मागे. गंमत म्हणजे पहिल्या गटाने अर्ज जास्त केले नव्हते, मुलाखतीही त्यांना जास्त मिळाल्या नव्हत्या. मला वाटतं, कागदावर ओकून झालेला राग मुलाखतीत पुन्हा ओकावा लागला नाही. तुमच्या घरी कोऱ्या वह्या असतीलच. त्याने लिहावं, कोणाला दाखवू नये, नंतर फाडावं. तुम्ही वाचू नका, गुरुजी. शुद्धलेखनही तपासू नका.

मुलाखतीत मात्र दोन वाक्यं पुरेत : ‘प्रोजेक्ट बंद झाला आणि टीम कमी केली, त्यात माझी जागा गेली. आता मी ऑटोमेशन शिकतोय, हे पाहा.’ त्यामुळे ‘हे पाहा’ म्हणताना दाखवायला काहीतरी हवं. नुसत्या मॅन्युअल, म्हणजे माणसाने हाताने करायच्या टेस्टिंगच्या जागा आटत चालल्या आहेत; तीच तपासणी प्रोग्रामकडून करून घेणं म्हणजे ऑटोमेशन. त्यासाठी सेलेनियम किंवा प्लेराइट या साधनांतलं एक, जोडीला पोस्टमन या साधनावर एपीआय टेस्टिंग (दोन सॉफ्टवेअरमधल्या देवाणघेवाणीची तपासणी), आणि केलेलं काम गिटहब या संकेतस्थळावर, सगळ्यांना दिसेल असं. साठ हजारांच्या क्लासची गरज नाही, ही साधनं फुकट शिकता येतात. आणि साडेसहा वर्षांचं विम्याचं ज्ञान हे त्याचं खरं भांडवल. क्लेम कुठे अडकतो, प्रीमियमचा हिशेब कुठे चुकतो, हे कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोराला येत नाही. बायोडाट्यात ते तळाशी दडवलेलं असणार, वर आणायला सांगा. त्याच्याही वर ‘इमिजिएट जॉइनर’. नोकरीत असलेल्यांचा नोटीस पिरियड दोन-तीन महिन्यांचा असतो, हा सोमवारी हजर होऊ शकतो. बेकारीचा एवढा एकच फायदा आहे, तो तरी घ्यावा.

पैशाचं थोडक्यात. एकाच कंपनीत पाच वर्षं पुरी झाल्यामुळे, राजीनामा असला तरी ग्रॅच्युइटी मिळायला हवी : शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता, त्याला २६ने भागून १५ने आणि वर्षांनी गुणायचं. मिळाली का ते विचारा. पीएफमधल्या पेन्शनच्या भागाला शक्यतो हात लावू नका, पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि यातली साडेसहा झाली आहेत. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपला असणार, त्यात तुम्ही दोघंही असाल तर स्वतःची पॉलिसी बघा.

संध्याकाळी तुम्ही त्याला ‘आज काही आलं का?’ असं विचारत असणार. पत्रात लिहिलेलं नाही, पण सगळेच विचारतात. ते बंद करा. आठवड्यातून एकदा, रविवारी चहाच्या वेळी, टाचणाची वही बघू का विचारा. नाही म्हणाला तर नाही. मधले सहा दिवस भाजी, क्रिकेट, कृष्णेचं पाणी, काहीही बोला, प्रीतिसंगमावर सोबत चक्कर मारा. तीन-चार आठवडे होऊनही झोप अशीच उलटी राहिली, जेवण तुटलं किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची माणसं फोनवर मराठीतही बोलतात.

आणि मला पत्र लिहिलंत हे त्याला सांगून टाका. चिडेल. एक-दोन दिवस बोलणार नाही. मग माझं उत्तर त्याच्या टेबलावर ठेवा, राजीनाम्याचा परिच्छेद वर येईल असं दुमडून.