‘अप्रमाणित’ कुठे लिहावे, कुठे लिहू नये

प्रश्न असा आहे: घरी राखलेल्या किंवा टॅग नसलेल्या बियाण्याबद्दल लिहिताना ‘अप्रमाणित’ म्हणावे, ‘विनाप्रमाणित’ म्हणावे की ‘अनधिकृत’? आणि ‘अप्रमाणीत’ असे दीर्घ ‘णी’ने लिहिलेले दिसते, ते बरोबर आहे का?

शेवटचे आधी. ‘प्रमाणीत’ चूक, ‘प्रमाणित’ बरोबर. ‘गरीब’, ‘वकील’ अशा शब्दांत शेवटच्या अकारान्त अक्षराआधीची वेलांटी दीर्घ असते, त्या सवयीने हात ‘णी’कडे वळतो. पण ‘इत’ हा संस्कृत प्रत्यय आहे आणि तत्सम शब्दांत तो ऱ्हस्वच राहतो: संबंधित, प्रकाशित, अनुदानित, प्रमाणित. ‘प्रमाणीकरण’ आणि ‘प्रमाणीकृत’ मात्र दीर्घ, कारण तिथे ‘इत’ नाही. ‘करण’ किंवा ‘कृत’ जोडताना मधे दीर्घ ‘ई’ येते. त्यामुळे ‘बीज प्रमाणीकरण यंत्रणेने प्रमाणित केलेले बियाणे’ या एकाच वाक्यात दोन्ही वेलांट्या येतात आणि दोन्ही शुद्ध आहेत.

‘विनाप्रमाणित’ टाळावे. ‘विना’ नामाला लागतो: विनापरवाना, विनातिकीट, विनाअट. ‘प्रमाणित’ हे विशेषण आहे, त्याला ‘अ’ लावला की काम झाले. स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाआधी याच ‘अ’चा ‘अन्’ होतो, म्हणून ‘अनधिकृत’. ‘विनाअनुदानित’ हा शब्द याच नियमाला मोडून इतका रुळला आहे की त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. पण त्याच साच्यातून पाडलेला ‘विना स्वाक्षरीत सातबारा’ पाहिला की बोचते. ‘विनास्वाक्षरी सातबारा’ किंवा ‘स्वाक्षरी नसलेला सातबारा’ म्हणता येते. ‘बिगर’ जास्त उदार आहे, तो विशेषणालाही चालतो (बिगरसरकारी, बिगरनोंदणीकृत). त्यामुळे ‘बिगरप्रमाणित’ला व्याकरणाची हरकत नाही, फक्त ‘अप्रमाणित’ असताना त्याची गरज पडत नाही.

आता मुद्द्याचे. बियाण्याच्या व्यवहारात या शब्दांमधला फरक कायद्याचा आहे, शैलीचा नाही. १९६६च्या बियाणे कायद्यानुसार प्रमाणीकरण ऐच्छिक आहे. अधिसूचित (सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या) वाणाचे बियाणे विकताना किमान उगवणशक्ती व शुद्धता राखणे आणि पिशवीला लेबल लावणे सक्तीचे आहे. प्रमाणपत्र घेणे सक्तीचे नाही. म्हणून बाजारात हिरव्या लेबलचे ‘सत्यप्रत बियाणे’ उघडपणे विकले जाते. त्याच्या दर्जाची हमी उत्पादक स्वतः देतो, यंत्रणेने ते प्रमाणित केलेले नसते. म्हणजे शब्दार्थाने ते अप्रमाणित, तरी पूर्ण कायदेशीर. त्याला बातमीत ‘अनधिकृत बियाणे’ म्हटले तर विक्रेत्यावर नसलेला आरोप होतो.

गंमत वरच्या टोकाला आहे. सोनेरी पिवळ्या टॅगचे पैदासकार बियाणे (पैदासकार म्हणजे वाण विकसित करणारा शास्त्रज्ञ किंवा संस्था) ही शुद्धतेची सर्वांत वरची पायरी. त्याच्यापासून पांढऱ्या टॅगचे पायाभूत आणि त्यापुढे निळ्या टॅगचे प्रमाणित बियाणे तयार होते. पैदासकार बियाणे मात्र प्रमाणीकरण यंत्रणेकडे जातच नाही. ते पैदासकाराच्या देखरेखीखाली होते आणि वेगळे पथक त्याची पाहणी करते. तेव्हा ‘अप्रमाणित’ म्हणजे ‘निकृष्ट’ असे समीकरण मांडणाऱ्याला सगळ्यात शुद्ध बियाणेही निकृष्ट म्हणावे लागेल.

घरच्या बियाण्याचेही तसेच. स्वतःच्या शेतात पिकवलेले बियाणे आपल्याच जागेवरून थेट दुसऱ्या शेतकऱ्याला पेरणीसाठी देणे या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहे. असे बियाणे अप्रमाणित असते, पण ‘न तपासलेले’ असेलच असे नाही. सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळींत मांडून, गुंडाळी सावलीत ओलसर ठेवून आठवडाभराने मोजले आणि ७० किंवा अधिक चांगले उगवलेले निघाले, तर उगवणशक्तीपुरते ते सोयाबीनच्या किमान मानकात बसते. लिहिताना ‘अप्रमाणित, पण उगवणशक्ती तपासलेले’ असे सरळ लिहावे. बोलताना कोणी ‘अप्रमाणित’ म्हणतही नाही. ‘घरचं’ किंवा ‘टॅग नसलेलं’ एवढे पुरते.

मग ‘अनधिकृत’ कुठे? जिथे परवानगी अनिवार्य आहे आणि घेतलेली नाही तिथे. तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कपाशीला देशात लागवडीची मान्यता नाही. ते बियाणे अनधिकृत. त्याला ‘अप्रमाणित’ म्हटले तर गुन्हा सौम्य करून सांगितल्यासारखे होते, जणू एक टॅग लावायचा राहून गेला. आणि ‘बोगस’ किंवा ‘बनावट’ तेव्हाच, जेव्हा फसवणूक आहे: दुसऱ्याचे नाव छापलेली पिशवी, खोटा टॅग, आत भलतेच वाण. मथळ्यांत या तिन्हींची सर्रास खिचडी होते.

क्रियापदही जपून निवडावे. ‘बियाणे अप्रमाणित आहे’ याचा अर्थ इतकाच की प्रमाणपत्र नाही. ‘अप्रमाणित ठरले’ म्हटले की तपासणी होऊन ते नाकारले गेले असे सूचित होते. खरोखर तसे झाले असेल तर ‘अपात्र ठरले’ किंवा ‘नापास झाले’ हे जास्त स्पष्ट. प्रक्रिया आणि चाचणी व्हायच्या आधीचा माल असेल तर ‘कच्चे बियाणे’. आणि टॅगवरची मुदत उलटली असेल तर ‘मुदतबाह्य’. प्रमाणित बियाण्याची पहिली वैधता चाचणीच्या तारखेपासून नऊ महिने असते आणि फेरतपासणीत उतरल्यास ती वाढवून मिळते, त्यामुळे एकदा मुदत संपली म्हणून सरसकट ‘अप्रमाणित’ लिहू नये.

बियाण्याबाहेरचे थोडक्यात. कागदपत्राच्या बाबतीत ‘अप्रमाणित प्रत’ चालते, कारण ‘प्रमाणित प्रत’ ही पक्की संज्ञा आहे. पण झेरॉक्सवर मूळ प्रतीप्रमाणे असल्याची सही नसेल तर तिला ‘असाक्षांकित’ म्हणावे. स्वतःच सही केली तर ती ‘स्वयंसाक्षांकित’. मान्यता नसलेली शाळा ‘अनधिकृत’, अनुदान नसलेली ‘विनाअनुदानित’. दुसरीत बेकायदा काहीच नाही. डॉक्टर ‘अप्रमाणित’ नसतो, ‘नोंदणी नसलेला’ असतो. ‘अप्रमाणित बातमी’, ‘अप्रमाणित आरोप’ ही हिंदीची सावली आहे, तिथे ‘प्रमाणित करना’ म्हणजे सिद्ध करणेही होते. मराठीत बातमीला दुजोरा मिळालेला नसतो आणि आरोप सिद्ध झालेला नसतो. बोलीला ‘अप्रमाणित भाषा’ म्हणणेही चुकीचे, तिथे ‘प्रमाणेतर’ म्हणतात.

दोन अक्षरे बदलली की अब्रूवर बेतते तो शब्द म्हणजे ‘अप्रामाणिक’. ‘अप्रमाणित विक्रेते’ असे लिहिलेले वाचणारा घाईत ‘अप्रामाणिक विक्रेते’ वाचू शकतो. माणसांबद्दल लिहायचे असेल तर ‘परवाना नसलेले विक्रेते’ असेच लिहावे.