ब्रेक दाबला की बाण उजळतो

प्रश्न : नऊ वर्षं वापरलेली गाडी घेतली. इंजिन छान आहे, पण दिव्यांचं काही कळत नाही. ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचा डाव्या इंडिकेटरचा बाण मंद उजळतो. लुकलुकत नाही, नुसता उजळतो. रात्री दिवे लावून ब्रेक दाबला, तर मागचा डावा दिवा प्रखर व्हायचा सोडून विझत आल्यासारखा होतो. उजवा ठणठणीत. बल्ब नवे घातले, फ्यूज बघितले. वायरमन आता डॅशबोर्ड उघडू म्हणतात. मागचं डावं पॅनल आधीच्या मालकाने ठोकून रंगवून घेतलं होतं, एवढंच.

उत्तर : ‘एवढंच’ म्हणून जे लिहिलंत, तिथेच घोडं अडलंय. डॅशबोर्ड उघडू देऊ नका.

तुमच्या गाडीत साधे फिलॅमेंटचे बल्ब आहेत असं धरून सांगतो. मागे ब्रेक, टेल (रात्री मागे मंद जळणारा दिवा) आणि इंडिकेटर या तिघांना मिळून अर्थची, म्हणजे करंट परत नेणारी, वायर बहुधा एकच. ती पत्र्याला बोल्टने आवळलेली असते आणि पत्र्यातूनच करंट बॅटरीच्या मायनसला परततो. हा रस्ता बंद झाला की करंट शेजाऱ्याच्या घरातून वाट काढतो. ब्रेकच्या फिलॅमेंटमधून इंडिकेटरच्या बल्बमध्ये उलटा शिरतो, त्याच वायरने पुढे जातो आणि पुढच्या डाव्या इंडिकेटरमधून पत्रा गाठतो. डॅशबोर्डवरचा बाण याच वायरवर आहे. अंधारात कुणाला तरी समोर उभं करा आणि ब्रेक दाबा; पुढचा डावा इंडिकेटरही निखाऱ्यासारखा धुगधुगताना दिसेल. रात्री टेलही याच चोरवाटेवर जगत असतो. तिथे ब्रेकचा 21 वॅटचा फिलॅमेंट घुसला की 5 वॅटच्या टेलला व्होल्टेज उरतंच किती?

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझ्या जुन्या गाडीत याच लक्षणावर मी इंडिकेटरचा अख्खा स्विच बदलला होता. आठवड्याने डिकीचं कार्पेट उचललं, तर अर्थचा लग (वायरीच्या टोकाची, बोल्टखाली बसणारी धातूची कडी) पॅनलबरोबरच छान रंगवून ठेवलेला! नखाने खरवडल्यावर रंगाची साल निघाली आणि बोल्टखाली गंजाची भुकटी.

मल्टीमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या मायनसला (वायर पुरत नसेल तर जोडून लांब करा), लाल पिन दिव्याच्या अर्थला, आणि ब्रेक दाबून धरा. 0.2 व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगला. तुमच्याकडे दोन-चार व्होल्ट सहज दिसतील. वायर जोडलेली आहे का ते सांगणाऱ्या मीटरच्या ‘बीप’वर मात्र विसंबू नका. वायरीतली एकच तार शाबूत असली तरी बीप वाजतो. बल्बचा भार आला की ती तार दम सोडते.

दुरुस्ती अगदी साधी. बॅटरीची मायनस केबल काढा, बोल्ट सोडा, लग आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी आवळायचं, मग जेली. लग वायरीपाशी हिरवट झाला असेल तर कापून नवा लावा, घासत बसू नका.

बोल्टसाठी डिकीचं कार्पेट उचललंच आहे तर खाली पाणी साचतंय का, तेही हात फिरवून बघा. ठोकलेल्या पॅनलचं दिव्यामागचं रबर बऱ्याचदा नीट बसवलेलं नसतं.