पैसे भरले, पण अमेंडमेंट कुठे आहे?

प्रश्न : एडिसन, न्यू जर्सी इथे आमची छोटी आयटी कंपनी आहे. आम्ही नवरा-बायको, मुलगा आणि नऊ कर्मचारी. 401-के या निवृत्ती बचत योजनेची 2025 ची एडीपी चाचणी (मालकांकडच्या आणि कर्मचाऱ्यांच्या बचतीच्या टक्केवारीची तुलना) नापास झाली. सीपीएंच्या (आमच्या हिशेबनीसांच्या) सांगण्यावरून जानेवारीत नऊ जणांना पगाराच्या 3 टक्के, म्हणजे 16,200 डॉलर भरले. तरी टीपीए (योजनेचं कामकाज पाहणारी बाहेरची कंपनी) सेफ हार्बर, म्हणजे या चाचणीतून सूट असलेली योजना, मानत नाही. कंपनी मॅच (कर्मचारी भरतो त्याच्या प्रमाणात कंपनीची भर) देत नाही.

उत्तर : टीपीएचं बरोबर आहे. नुसते पैसे भरल्याने सेफ हार्बर होत नाही, तशी तरतूद प्लॅन डॉक्युमेंटमध्ये, म्हणजे योजनेच्या लेखी नियमांत, लागते. 3 टक्क्यांची अमेंडमेंट (त्या नियमांतली दुरुस्ती) वर्ष संपायच्या 30 दिवस आधी, म्हणजे नोव्हेंबरअखेर सही करून ठेवायची होती. कर्मचाऱ्यांचं सरासरी योगदान पगाराच्या 2.1 टक्के आणि तुम्हा तिघांचं 13 च्या वर. तुमच्या गटाला मर्यादा 4.1 ची. हे आकडे ऑक्टोबरातही दिसत होते, तेव्हा कुणी पाहिलेच नाहीत.

मुलाचा पगार 50,000 असला तरी मालकांचा मुलगा म्हणून तो तुमच्याच गटात मोजला जातो. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

एक वाट अजून उघडी आहे. 31 डिसेंबर 2026 पर्यंत 2025 साठी मागील तारखेपासून अमेंडमेंट करता येते, पण मग 3 नाही, 4 टक्के द्यावे लागतात. नऊ जणांचा एकूण पगार 5,40,000, म्हणजे 21,600 डॉलर. उशिराची किंमत 5,400. आधीचे 16,200 यात धरता यावेत असं मला वाटतं, मात्र ते कोणत्या नावाने नोंदले गेलेत ते टीपीएकडून लेखी घ्या.

आता डॉक्युमेंट उघडा आणि 'काँपेन्सेशन'ची (हिशेबात कोणता पगार धरायचा याची) व्याख्या वाचा. बहुतेक चुका तिथेच होतात. व्याख्येत बोनस, ओव्हरटाइम असेल आणि तुम्ही नुसत्या मूळ पगारावर हिशेब केला असेल, तर 4 टक्के भरूनही रक्कम अपुरी पडेल. वर्षाच्या मध्ये सोडून गेलेले, स्वतः एक डॉलरही न भरणारे, सगळ्या पात्र लोकांना द्यायचं. 'वर्षअखेरीस नोकरीत हवा' अशी अट इथे चालत नाही, आणि ही रक्कम पहिल्या दिवसापासून पूर्ण त्यांची.

हे नको असेल तर जादा रक्कम परत घ्यायची. तुम्ही दोघांनी प्रत्येकी 23,500 भरलेत, त्यातले सुमारे 18,400 प्रत्येकी बाहेर येतील. पन्नाशी पार असेल आणि प्लॅनमध्ये कॅच-अपची (पन्नाशीनंतर जास्त भरण्याची) सोय असेल, तर त्यातले 7,500 पर्यंत आत राहू शकतात. ही रक्कम 15 मार्चनंतर काढली तर कंपनीवर 10 टक्के अबकारी कर बसतो. तुमच्या आकड्यांवर मला 4 टक्क्यांचीच वाट बरी दिसते. कोणत्या वर्षाची वजावट मिळेल हे मात्र रिटर्नच्या मुदतीवर ठरेल, ते सीपीएंना विचारा.

2026 साठी याच बैठकीत 3 टक्क्यांची अमेंडमेंट सही करून टाका. नोव्हेंबरची वाट पाहू नका.